सपरीतली खाट

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी वीसेक वर्षं रोज सकाळी पोट्ट्यांची कवायत घेतली. हात वर, हात बाजूला, हात खाली. एखादा आळसानं अर्धाच हात उचलायचा, त्याला मी ओळीतून बाहेर काढायचे. "अंगात हाडं आहेत का भाजी आहे रे?" हे माझं ठरलेलं वाक्य. आणि हीच मी मधल्या सुटीत दोन गल्ल्या ओलांडून घरी धावत जायचे. कशाला? तर नवरा खाटेवरून उठला तर नाही ना, ते पाहायला! उठलेला सापडला की शाळेत ओरडत नसेन इतकी घरी ओरडायचे. आज हे लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

२०१० नंतरची गोष्ट आहे. धान कापून झाला होता, चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं. यांच्या चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. पाय सुजले होते. मग सकाळी उठल्या उठल्या ओकाऱ्या, तोंडावर सूज. मी म्हटलं, पित्त असेल. गोंदियाच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, कागद पाहिला आणि विचारलं, "बीपी केव्हापासून आहे?"

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बीपी? हा माणूस धानाचं भरलं पोतं पाठीवर घेऊन कोठीपर्यंत जायचा. कधी डोकं दुखलं म्हणाला नाही. बीपी शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांना होतो असा माझा समज, आणि मी पोरांना विज्ञान शिकवणारी! डॉक्टर म्हणाले, कित्येक वर्षांचा असेल, कोणी मोजलाच नाही, त्यानंच दोन्ही किडन्या खाल्ल्या. आता डायलिसिस. मी विचारलं, "किती दिवस?" ते दुसरा कागद लिहायला लागले. तेव्हा मला कळलं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अरे बाप्पा."

हप्त्यातून दोन दिवस गोंदियाला जाणं सुरू झालं. मशीन चालवणारा एक जण होता, त्याला सगळे भैया म्हणायचे. हिंदी बोलायचा, भला माणूस. मशीनची सुई टोचायला यांच्या डाव्या हाताची नस जोडून तयार केली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आतून सुर्र सुर्र लागायचं. भैयानं बजावलं, "भाभी, इस हाथ से वजन नहीं उठाना." आणि डॉक्टरनं घरी सोडताना म्हटलं होतं, जास्त दगदग करू नका. बस, एवढी दोन वाक्यं. या दोन वाक्यांवर मी पुढं जे काही उभं केलं ते माझं. त्यात डॉक्टरचा दोष नाही.

पण आधी एक गोष्ट घडली. पहिल्याच महिन्यात, मी शाळेत असताना, हे धुऱ्याधुऱ्यानं बांधी पाहायला गेले. बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली मातीची वरंडी. सवयीनं उजव्या खांद्यावर फावडं घेतलं. फावड्यानं काही केलं नाही, नुसतं घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हातपंपावर यांच्याच भावकीतली एक बाई माझ्यासमोर दुसरीला म्हणाली, "बाई पंख्याखाली बसते, अन् बिमार नवऱ्याले बांधीत धाडते." माझ्या हातातली बादली तशीच राहिली. अंगाला आग लागली माझ्या! तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन सगळा राग यांच्यावर काढला. म्हटलं, "आजपासून खाटेखाली पाय ठेवला तर मी विहीर जवळ करीन."

आमच्या पोवार लोकांत माणूस बिमार पडला की त्याची खाट सपरीत येते. सपरी म्हणजे घरापुढची ओसरी, रस्त्यावरून दिसते ती. तिथं बिमार माणूस निजला असला पाहिजे, कोणीतरी पायाशी बसलं असलं पाहिजे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं की घरचे सेवा करताहेत. बिमार बसलेला दिसला तर भेटायला आलेले म्हणतात, "बसून तं आहे, काई नाई झालं त्याले." उभा दिसला तर घरच्यांची खैर नाही. आमचीही खाट सपरीत आली. लोक यायचे, नारळ आणि मोसंबी आणायचे. दोन्ही यांना मना होतं. सासूबाई ती फळं कोपऱ्यात रचून ठेवायच्या आणि हे त्यांच्याकडे पाहत पडून राहायचे.

पाणी तर मोजून. भैयानं सांगितलं तेवढं पाणी मी सकाळी एका पितळी गडव्यात काढून ठेवायचे. गडवा काठोकाठ नाही, गळ्याच्या खाली बोटभर. दिवसरात्रीचं तेवढंच. उन्हाळ्यात दुपारी तीनलाच गडवा रिकामा व्हायचा, मग हे जीभ ओठांवरून फिरवत बसायचे आणि मी त्यांच्यासमोर पाणी पीत नसे. आत जाऊन, पाठ करून प्यायचे. तो गडवासुद्धा मी त्यांना उचलू देत नव्हते. मी नाही तर सासूबाई तोंडाला लावायच्या. डावा हात जपायचा होता ना! उजवा का जपत होतो, हे आम्हाला कोणी विचारलं नाही.

आंघोळ खाटेवर, ओल्या फडक्यानं. जेवण खाटेवर. न्हावी यायचा तो खाटेवरच दाढी करून जायचा. घरात बीपीचं यंत्र आणलं होतं. सकाळ-संध्याकाळ यांच्या उजव्या दंडाला पट्टी बांधून मी आकडा एका शंभरपानी वहीत लिहायचे. एकदा संध्याकाळी माझंच डोकं जड झालं होतं म्हणून मी ती पट्टी स्वतःच्या दंडाला लावायला घेतली. सासूबाई ओरडल्या, "नोको माय! बिमाराची पट्टी चांगल्या माणसानं बांधू नाई. दुखणं लागते." मी हसले. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं हसायलाच पाहिजे होतं. हसले आणि पट्टी गुंडाळून ठेवून दिली. पुन्हा काही तिला हात लावला नाही.

अशी दोन वर्षं गेली. हे वाळत चालले. मांड्या पोरीच्या मनगटासारख्या झाल्या. खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोघांना धरावं लागायचं. कमोडची खुर्ची आणली, तिच्यावरून उठवताना माझीच कंबर धरायची. मी सगळ्यांना सांगायचे, किडनीचं दुखणं फार वाईट, माणसाला आतून खातं. आणि गाव म्हणायचं, "बाईनं नवऱ्याले फुलावानी ठेवलं." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मग किडनी बदलायची गोष्ट निघाली. भैयानंच सांगितलं, नागपूरला होतं म्हणून. रक्तगट पाहिला, माझा आणि यांचा एकच. मी त्या दिवशी बसमध्ये सगळ्यांदेखत रडले, आनंदानं. माझी एक किडनी यांना द्यायची आणि हा माणूस खाटेवरून उठवायचा, हे मी ठरवून टाकलं. सासूबाईंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. सासूनं सुनेच्या पायावर! मी त्यांना उचललं आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ रडलो.

नागपूरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं त्या माझ्यापेक्षा बुटक्या, साध्या सुती साडीत. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि यांच्या पायांकडे पाहिलं.

"रोज किती चालता?"

उत्तर मी दिलं. मोठ्या तोऱ्यात दिलं. "अजिबात नाही. दोन वर्षांत आम्ही यांना गडवाभर पाणीसुद्धा उचलू दिलं नाही."

मला वाटलं आता शाबासकी मिळते. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग यांना म्हणाल्या, "हात छातीशी घ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवा."

यांनी हात छातीशी घेतले. जोर केला. पुढं झुकले. मान थरथरायला लागली, कपाळावर घाम आला. ढुंगण खुर्चीवरून इंचभरही सुटलं नाही. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा मी धरायला गेले तर बाई माझ्यावर कडाडल्या, "हात लावू नका!" हे खुर्चीत तसेच मागं पडले. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं. पोतं उचलणारा माणूस, हो, तोच माणूस, स्वतःला उचलू शकत नव्हता.

"मी यांना टेबलावर घेणार नाही," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला माणूस उभा करावा लागतो. आजच उभा राहत नाही, त्याला मी उद्या कसा उभा करू?"

मी भडकले. म्हटलं, "किडनीनंच तर असं झालं! तुम्ही किडनी बदला, ते उभे राहतील."

"किडनीनं एवढं नाही केलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "थोडं केलं असेल. बाकी खाटेनं केलं. दोन वर्षं निजवून ठेवलं तर तुमचे-माझेही पाय असेच होतील. डायलिसिसवरची माणसं चालतात, शेती पाहतात, सायकल चालवतात. चालायला पाहिजेच त्यांनी. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

माझे कान बंद झाल्यासारखे झाले. मी भांडले अजून थोडं, म्हटलं तुम्हाला आमच्या गावाची काय माहिती, बिमार माणसाला कामाला लावलं तर लोक थुंकतात. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तीन महिने देते, उभं करून आणा, यांचं जमलं तर लगेच तुमच्या तपासण्या करू. आणि एका कागदावर चित्रं काढून दिली. पडल्या पडल्या पाऊल वरखाली करायचं. बसून गुडघा सरळ करायचा. खुर्चीवरून उठायचं-बसायचं. मग चालायचं, आधी पाच मिनिटं. दम लागून बोलता येईना तर थांबायचं, छातीत दुखलं तर थांबून इकडे फोन करायचा. डाव्या हातात चेंडू घेऊन दाबायचा, त्यानं ती नस चांगली राहते. मी तर त्या हाताला गोधडीत गुंडाळून ठेवत होते!

माझी कवायत. रोज सकाळी तीन ओळींत उभी करून मी जी घेत होते तीच, चित्रात काढलेली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. कामठी गेली, भंडारा रोड गेलं. तुमसर सुटल्यावर मी विचारलं, "तुम्हाला वाटत होतं का उठावंसं?"

"हव," हे म्हणाले.

"मग बोलले काऊन नाही?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "तू लय भेली होतीस. मी उठलो का तुझा चेहरा पांढरा पडे. म्हणून निजून राहिलो." मग म्हणाले, "माझ्या खाटेवरून सपरीच्या छपराचे एक्केचाळीस कवेलू दिसतात. तीन फुटले आहेत. दोन वर्षं झाले सांगीन सांगीन म्हणून राहिलो, तं कोणाले फुरसत नाही."

मी पदर तोंडात कोंबला. डब्यात लोक होते. दोन वर्षं हा माणूस माझ्या भीतीखातर निजून राहिला आणि मी समजत होते मी त्याची सेवा करते आहे. त्या दिवशीइतकी मी आयुष्यात कधी हादरले नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

घरी आल्यावर मी आधी खाट सपरीतून आत नेली. सासूबाई दारात आडव्या आल्या. "कायले खाट हलवते? लोक म्हणतीन, आता सेवा सरली." म्हटलं, "म्हणू द्या. लोकांनीच त्यांचे पाय खाल्ले. लोकांनी अन् मी." त्यांना काही कळलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. पहिले आठ दिवस एकदाही उठता आलं नाही. मी खुर्चीवर दोन उश्या ठेवून उंच केली, तेव्हा नवव्या दिवशी एकदा उठले. एकदाच. धप्पकन बसले आणि म्हणाले, "जमलं का, बाई?" सगळं गाव मला बाई म्हणतं, यांनी ते तेव्हापासून धरलं. मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "भाजी आहे का हाडं आहेत?" तर म्हणाले, "भाजीच आहे सध्या." आम्ही दोघं हसलो. त्या घरात दोन वर्षांत कोणी हसलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी घोडचूक केली. उठण्या-बसण्याचा आकडा वाढायला लागला म्हणून माझ्या अंगात आलं. गोंदियाहून डायलिसिस करून आलो त्याच संध्याकाळी यांना अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला हे तुळशीपाशी कोसळले. डोळे वर गेले. सासूबाईंनी छाती बडवायला सुरुवात केली, "मारशीन तू त्याले! खाटेवर होता तं जित्ता होता!" मी पाय उंच करून धरले, तोंडावर पाणी मारलं, दोन मिनिटांत शुद्धीवर आले. पण मी मनाशी ठरवलं, बस झालं, खाट पुन्हा सपरीत.

सकाळी उठून पाहते तर हे स्वतःच खुर्चीवर जाऊन बसलेले, हात छातीशी. "घ्या कवायत, बाई."

मी भैयाला जाऊन विचारलं. त्यानं कपाळावर हात मारला. "भाभी, डायलिसिस के दिन नहीं! उस दिन बीपी गिरता है. घर जाके आराम." आणि त्यानंच दुसरा रस्ता दाखवला. मशीन लागल्यावर पहिल्या तासात, हे पडलेले असतानाच, पाय सायकलसारखे हळूहळू फिरवायला लावले. समोरच्या खाटेवरचा म्हातारा दोन वेळा पाहत राहिला, तिसऱ्या वेळी त्यानंही पाय हलवायला सुरुवात केली.

मग हळूहळू अंगण झालं. अंगणातून रस्ता. रस्त्यावरून मारुतीचं देऊळ. भावकीतली ती बाई दारात उभी राहून पाहायची. मी तिच्याकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "चाला, अजून दहा पावलं!" पाठोपाठ भूक आली. भात संपवून हे ताटाकडे बघायला लागले. झोप लागायला लागली. एका दुपारी मी शाळेतून आले तर हे पाटावर मांडी घालून जेवत होते, जमिनीवर. मी दारातच थांबले. जेवून झालं, हात भिंतीला न लावता उठले आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. सासूबाई चुलीपुढं तोंड फिरवून डोळे पुसत होत्या.

आणि एक सकाळ. कवायत सुरू होती, मी पाठमोरी उभी राहून हात दाखवत होते, तर पोट्टे खुदूखुदू हसायला लागले. रागानं वळले. शेवटच्या ओळीत, चौथीच्या पोरांच्या मागं हे उभे. धोतर, बनियन, दोन्ही हात वर. घरापासून शाळेपर्यंत एकटे चालत आले होते. कोणी सोबत नाही, हातात काठी नाही. मला ओरडताही येईना. कसंबसं म्हटलं, "हात खाली." यांनी हात खाली केले आणि म्हणाले, "हव बाई."

तीन महिन्यांनी नागपूर. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं केली. यांनी हात छातीशी घेतले आणि उठले. बसले. उठले. मी मोजत होते, पंधरापर्यंत मोजलं, मग बाईच म्हणाल्या, "पुरे, पुरे, माझी खुर्ची मोडाल." उठून त्यांनी यांच्याशी हात मिळवला. मग माझ्याकडे वळल्या. "हे पास. आता तुमच्या तपासण्या."

मी उड्या मारायचीच बाकी होते. नर्सनं माझ्या दंडाला पट्टी बांधली. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. दुसऱ्या हाताला बांधली. मग दुसऱ्या नर्सला बोलावलं. मी म्हटलं, "जिना चढून आले ना, म्हणून असेल." त्यांनी मला अर्धा तास बसवलं आणि पुन्हा मोजलं. मग लघवी तपासली, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बीपी, पुन्हा लघवी.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी फाईल बाजूला ठेवली नाही. फाईलमध्येच बघत बोलल्या. तुमचं बीपी फार वाढलेलं आहे. बरीच वर्षं असेल. लघवीतून प्रथिनं जाताहेत. तुमच्या स्वतःच्या किडन्यांना धक्का बसायला सुरुवात झाली आहे. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, रोज चाला, त्या टिकतील. पण एक काढून देता येणार नाही.

"बघा पुन्हा," मी म्हटलं. "चूक असेल. मला काही होत नाही. मी रोज कवायत घेते."

"यांनाही काही होत नव्हतं," बाई म्हणाल्या.

घरात यंत्र होतं. दोन वर्षं, दिवसातून दोन वेळा ती पट्टी माझ्या हातात होती. माझ्या हातातून ती यांच्या दंडाला जायची आणि तशीच गुंडाळली जायची. शंभर पानं भरली होती मी यांच्या आकड्यांनी. एकदा, फक्त एकदा लावली असती! सासूबाईंना काय बोलू, त्या तर अडाणी. मी कोण होते? सासूबाईंचं वय नव्हतं देण्याचं, यांना भाऊ-बहीण नाही, आमच्या पोटी मूल नाही. माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मी नापास.

घरी कशी आले आठवत नाही. आल्या आल्या खाटेवर पडले, यांच्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. जेवले नाही. पाण्याचा घोटही घेतला नाही. घेणार कशी, या माणसाला आता जन्मभर मोजून पाणी प्यायचं होतं आणि ते माझ्यामुळे. दुसरा दिवस उजाडला तरी मी उठले नाही. शाळेत निरोप गेला. सासूबाईंनी माझ्या अंगावर गोधडी घातली आणि कोणाला तरी दबक्या आवाजात म्हणाल्या, "निजू दे तिले. आराम करू दे." दुपारी जाग आली तर डोक्यावर कवेलू दिसले. त्यांनी भावकीतल्या दोघांना बोलावून माझ्यासकट खाट सपरीत आणली होती. कोपऱ्यात दोन नारळ होते.

मी बघत पडले होते. एक, दोन, तीन फुटलेले कवेलू.

अंगणात पावलं वाजली. मान वळवली. हे विहिरीकडून येत होते. उजव्या हातात तो पितळी गडवा. गळ्याखाली बोटभर नाही, काठोकाठ भरलेला. पाणी सांडू नये म्हणून नजर गडव्यावर ठेवून, एकेक पाऊल टाकत अंगण ओलांडलं. सपरीच्या दोन पायऱ्या चढले, हात कशालाही न लावता. खाटेजवळ येऊन उभे राहिले.

"पी," म्हणाले.

"तुमच्यासमोर नाही पिणार मी."

"माझ्यासमोरच पी. दोन वर्षं तू आत जाऊन पितेस, मले का माहीत नाही?"

मी उठून बसले. गडवा तोंडाला लावला. दोन दिवसांची तहान, थांबताच येईना, घटाघटा प्यायले, हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. हे माझ्या गळ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ कोरडे होते. गडवा रिकामा झाला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"अजून आणू?" म्हणाले.

मी मानेनं नाही म्हटलं आणि खाटेखाली पाय सोडले.